तीन आडनावांचं घर

आमच्या घरात आडनावं तीन होती. बापूस गिरणीच्या मस्टरवर वरळीकर. मी आणि माझा थोरला भाऊ म्युनिसिपालटीच्या शाळेत कोळी. आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही सगळेच परेरा. रेशनकार्डावर 'परेला' असं चौथंही एक होतं, पण ती लिहिणाऱ्याच्या हाताची चूक म्हणून आम्ही ते धरत नसू.

वरळी कोळीवाड्यात यातल्या एकाचाही उपयोग नव्हता. किल्ल्याच्या वाटेवर कोणालाही विचारा, परेरांचं घर कुठलं, तो नुसती मान हलवील. 'परत्याचं घर' म्हटलं की शेंबडं पोरही दाराशी आणून सोडील. परत्या म्हणजे माझे आजोबा. त्यांची होडी एकदा तुफानात सापडली, सगळ्यांनी आशा सोडली आणि तिसऱ्या दिवशी ते परत आले, म्हणून परत्या. असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या गोष्टीकडं पुढं परत यायचं आहे.

मी टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली. एका चाळीत एकाच नावाची चार-चार माणसं असायची, आणि पत्र कोणाचं हे ओळखायचं ते मजल्यावरून, खोलीवरून, 'मार्फत' कोणाच्या त्यावरून. नावानं माणूस सापडत नाही, पत्त्यानं सापडतो, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. तरी स्वतःच्या घराण्याचा शोध घ्यायची वेळ आली तेव्हा मी ते साफ विसरलो आणि पहिले चार महिने फुकट घालवले.

निमित्त झालं पुतणीचं. २०१६ ची गोष्ट. बारावीला तिला चांगले मार्क मिळाले आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागली. सरकारच्या विशेष मागास प्रवर्गाच्या यादीत कोळी या नोंदीखाली मच्छीमार कोळी, सोनकोळी, मांगेला, वैती यांच्याबरोबर 'ख्रिश्चन कोळी' हे शब्द छापलेले आहेत. आम्हाला वाटलं, अर्ज करायचा आणि घेऊन यायचा. पण जात यादीत असणं वेगळं आणि आपण त्या जातीचे आहोत हे कागदावर असणं वेगळं. कागद हवा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, घराण्यातल्या माणसाचा, आणि त्यावर जात लिहिलेली.

भावाचा शाळेचा दाखला १९६७ च्या आधीचा होता. खिडकीवरच्या माणसानं तो वाचला, बापसाचे गिरणीचे कागद वाचले, पुतणीचा अर्ज वाचला.

"आजोबा वरळीकर, वडील कोळी, मुलगी परेरा. ही तीन घराणी झाली की हो."

"एकच आहे, साहेब."

"असेल. पण कागद तसं सांगत नाही. आणि वडिलांच्या दाखल्यावर जातीपुढं 'ख्रिस्ती' लिहिलंय. तो धर्म झाला. कोळी हे आडनाव झालं. जात कुठं आहे?"

माणूस उद्धट नव्हता. रागावण्यासारखं त्यानं काही म्हटलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. रात्री जेवताना पुतणी म्हणाली, "काका, आपण नक्की कोळी आहोत ना?" भाऊ हातातला घास टाकून उठला. आमच्या आईनं चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मावरं विकलं. माझ्या आतेभावांची डोल अजून समुद्रात असते. आणि घरातल्याच पोरीला हा प्रश्न पडावा!

खरं सांगायचं तर थोडा दोष आमचाही होता. आमच्या घरात एक दंतकथा होती, आणि लग्नाकार्यात ती जरा मोठ्यानं सांगितली जायची. आमचा मूळ पुरुष म्हणे परेरा नावाच्या पोर्तुगीज कप्तानाचा धर्मपुत्र. चारशे वर्षांपूर्वी त्यानं आपलं नाव आम्हाला दिलं. गावातल्या इतर कोळ्यांपेक्षा आपण काही निराळे, असं त्यात न बोलता बोललेलं असे. आता तेच निराळेपण अंगाशी आलं होतं.

परेरा या शब्दाचा पोर्तुगीज भाषेतला अर्थ नासपतीचं झाड. वरळीत नासपतीचं झाड कोणी पाहिलेलं नाही. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा, लोपिस म्हणजे लोपोचा. मुंबई, साष्टी, वसईकडच्या ख्रिस्ती लोकांत ही नावं कशी आली ते सगळ्यांना ढोबळमानानं ठाऊक असतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातली ही बेटं पोर्तुगीजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन पाद्री आले. माहीमचं सेंट मायकल आणि दादरचं साल्वासांव, ज्याला आज सगळे पोर्तुगीज चर्च म्हणतात, ही दोन्ही देवळं त्याच शतकातली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला संताचं नाव मिळे आणि आडनाव बहुतेक वेळा धर्मबापाचं नाहीतर पाद्र्याचं. इथपर्यंत आमची दंतकथा आणि इतिहास हातात हात घालून चालत होते.

दंतकथा खरी असेल तर चर्चच्या वहीत सापडेल, आणि वहीत सापडलं तर जातही सापडेल, अशा हिशेबानं मी निघालो. चर्चचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या फादरांनी तशी विनंती केली होती, कारण एकाला वही दाखवली की दुसऱ्या दिवशी दहा जण उभे राहतात आणि जुना कागद दहा जणांचे हात सोसत नाही.

या वह्या ठेवायची रीत फार जुनी. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं लग्नाची वही ठेवायचं बंधन पाद्र्यांवर घातलं, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी कशा लिहायच्या ते नमुन्यासकट ठरवून दिलं. त्यामुळं लिस्बनची वही असो की माहीमची, मजकूर एकच. अमुक दिवशी मी, अमुक पाद्री, अमुक आणि अमुक या नवराबायकोच्या अमुक दिवशी जन्मलेल्या मुलाला बाप्तिस्मा दिला, नाव अमुक, धर्मबाप अमुक, धर्माई अमुक. सरकारी जन्मनोंदणी सक्तीची होण्याआधीची आमच्या लोकांची जन्मतारीख असली तर बहुधा तिथंच.

आता त्यातली मेख. आमच्या वाट्याला आलेल्या वह्या काही पोर्तुगीजमध्ये होत्या, काही लॅटिनमध्ये. याला कारण एक जुनं भांडण. इंग्रजांना मुंबई लग्नाच्या आंदणात मिळाली ती १६६१ च्या तहानं. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून काढलं आणि कार्मेलाइट पाद्री आणले. गोव्याच्या आर्चबिशपांनी हक्क सोडला नाही. शेवटी १७९४ पासून मुंबईतली काही देवळं गोव्याच्या हुकमतीखाली आणि काही थेट रोमच्या, असा दुहेरी कारभार सुरू झाला. तो १९२८ मध्ये संपला. सव्वाशेहून जास्त वर्षं एकाच गल्लीत राहणारी, एकाच होडीवर जाणारी माणसं दोन वेगळ्या बिशपांची असू शकत होती. फादरांशी बिनसलं की माणसं पलीकडच्या देवळात जात. आमच्या पणज्याची पहिली दोन पोरं एका चर्चच्या वहीत आहेत आणि पुढची दुसऱ्या. काय बिनसलं होतं ते वही सांगत नाही.

नावांचं तर विचारूच नका. माझ्या पणज्याला गावात मिंगेल म्हणत. पोर्तुगीज लिहिणारा त्याला मिगेल लिहितो, लॅटिन लिहिणारा मिकाएल, आणि पुढं इंग्रजी आलं तेव्हा तो मायकल झाला. चारही एकच. लॅटिनमध्ये आणखी विभक्तीचा घोळ: 'मिकाएलचा मुलगा' म्हणायचं तर नाव 'मिकाएलिस' होतं, 'पेत्रुस'चा मुलगा 'पेत्री'चा होतो. हे माहीत नसलेला माणूस मिकाएलिस हे आडनाव समजून बसतो. मी बसलो होतो. दोन रविवार मी मिकाएलिस घराण्याच्या मागं होतो. तसंच इआकोबुस नाव दिसलं की तो घरी तियाग असू शकतो, जेम्सही असू शकतो.

परेरा शोधत मी 'प' चं पान चाळत होतो ते वेगळंच. ऑफिसातला कारकून, वयानं माझ्याएवढाच, चार महिने माझी धडपड बघत होता. एके दिवशी हसून म्हणाला, "अंकल, जुन्या वहीची सूची आडनावावर नाय. बाप्तिस्म्याच्या नावावर हाय. 'म' काढा." सूची पहिल्या नावावर केलेली! ज्यानं केली त्याला आडनावाचं महत्त्वच वाटलं नव्हतं. मला तिथंच कळायला हवं होतं की पुढं काय वाढून ठेवलंय.

'म' च्या पानावर पन्नासएक मिकाएल होते. आता मात्र टपालातला माणूस जागा झाला. नाव सोडलं आणि पत्ता धरला. वर्लीचे किती? अकरा. त्यातल्या कितींच्या आईचं नाव मारिया आणि बापाचं दोमिंगो? आमच्या आजीच्या तोंडी नेहमी 'दुमिंगचा मिंगेल' असायचं. एक उरला. १८६२.

शाईनं कागद खाल्ला होता. अक्षराच्या जागी काही ठिकाणी अक्षराच्या आकाराची भोकं होती. कारकुनानं पानाखाली पांढरा कागद सरकवला, तेव्हा वाचता आलं. मिकाएल, दोमिनिकुस आणि मारिया यांचा मुलगा, कोली, वर्लीचा. धर्मबाप माहीमचा एक परेरा.

आडनाव नव्हतंच. ना मुलाला, ना बापाला, ना आईला. बापाच्या नावापुढं आडनावाच्या जागी 'कोली' हा एकच शब्द. मी ती ओळ बोटानं तीनदा वाचली. मग कारकुनाला वाचायला लावली. ज्या शब्दासाठी चार महिने फिरत होतो तो शब्द १८६२ पासून त्या पानावर पडून होता, आणि ज्या परेराचा आम्ही मोठेपणा मिरवत होतो तो कुठं नव्हताच. होता तो धर्मबाप. तोही कप्तान नाही. त्या परेराची नोंद पुढं दुसरीकडं सापडली. माहीमचा ताडी काढणारा भंडारी होता. पोर्तुगीज लोक भंडाऱ्याला 'बंदारीं' म्हणत आणि कुणब्याला 'कुरुंबीं', आणि तो शब्द तिथं स्वच्छ होता.

'मिकाएल परेरा' असं जोडून पहिल्यांदा येतं ते १८८७ मध्ये, त्याच्या लग्नाच्या नोंदीत. म्हणजे आडनाव चारशे वर्षांचं नाही, सव्वाशे वर्षांचं. लहानपणी धर्मबापाचं नाव ज्याच्या पाठीशी लागलं, त्याचंच लग्नाच्या वेळी कोणीतरी आडनाव केलं. त्याच साली मुंबईतल्या आमच्या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्याहून आलेले लोकही पोर्तुगीज आडनावांचे. इंग्रजाच्या कचेरीत नोकरी मागताना दोघांत फरक कळावा म्हणून आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या पन्नासाव्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढलं. मिंगेलला त्याचा पत्ताही नसेल. तो डोल टाकत होता. तरी नाव लिहून घेणाऱ्यांचा तो काळ होता एवढं खरं.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या दोस्ताला सांगितलं. तो हिंदू कोळी, आडनाव वरळीकर, आम्ही नारळी पौर्णिमेला एकाच होडीत. तो म्हणाला, "चल तर, माझी पण वही बघू." त्यांच्या वह्या त्र्यंबकेश्वरी. तिथले तीर्थोपाध्याय गाववार, जातवार नामावळी ठेवतात. यात्रेला गेलेला माणूस स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं नाव सांगतो आणि खाली सही करतो नाहीतर अंगठा उठवतो. गेलो दोघं. त्याच्या पणज्याचं नाव सापडलं: नुसतं नाव, बापाचं नाव, 'जात कोळी, राहणार वरळी'. त्याच्या पुढच्या पिढीला 'वरळीकर'. दोस्त बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, वरळीत राहून स्वतःला वरळीकर कोण म्हणवून घेईल?"

बरोबर होतं त्याचं. गावात आडनाव लागतच नाही. ते लागतं गावाबाहेरच्या खिडकीवर. त्र्यंबकला उपाध्यायासमोर, देवळात पाद्र्यासमोर, गिरणीच्या फाटकावर जॉबरसमोर. बापूस १९५२ मध्ये बदली कामगार म्हणून लागला तेव्हा जॉबरनं विचारलं, कुठला? बापूस म्हणाला, वरळीचा. झाला वरळीकर. परेरा लिहिणं जॉबरला जमलं नसेल किंवा बापसानं सांगितलंच नसेल. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढताना 'वरळीकर आणि परेरा ही एकच व्यक्ती' हे सिद्ध करायला त्याला तीन वर्षं लागली. आज आडनाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. तेव्हा टाक बुडवला की काम होत असे.

हिंदू आणि ख्रिस्ती कोळ्यांच्या वह्या अशा शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात लिहिलं आहे की १८२० च्या पटकीच्या साथीत तिकडचे काही ख्रिस्ती कोळी देवीला शरण जाऊन परत हिंदू झाले. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी होती. आमच्या लग्नात अजून उंबराचं पाणी आणतात, आणि गोल्फादेवीसमोरून जाताना आमच्या म्हाताऱ्या कोळणी क्रूस करतात की नमस्कार, ते नीट सांगता येत नाही.

आता परत्याकडं येतो.

१८६२ ची नोंद मिळाली, १८८७ चं लग्न मिळालं, बापसाची १९३४ ची नोंद मिळाली, तीत राहणं वरळी कोळीवाडा आणि बापाचा धंदा मासेमारी. मधली कडी आजोबांची. त्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला आमच्या पेटीत होता, जन्म १८९३. सोपं काम. वहीत १८९३ ची नोंद लगेच मिळाली. मुलाचं नाव तेच, आईबाप तेच. समासात वेगळ्या शाईनं आजोबांच्या १९२५ च्या लग्नाची टीप. १९०८ पासून असा नियम आहे की माणसाचं लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ते लिहायचं. सगळं जुळलं. मी वही मिटणार होतो.

कारकुनानं सवयीनं मृत्यूची वहीही काढून ठेवली होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि त्या हिवाळ्यात मुंबई रिकामी झाली हे आपण वाचलेलं असतं. गल्लीबोळांतले आमचे कितीतरी क्रूस त्या साथीत नवस म्हणून उभे राहिले. पण मृत्यूच्या वहीत ती साथ वेगळी दिसते. आधी पानावर महिना मावतो. मग आठवडा. मग दोन दिवस. अक्षर घाईचं होत जातं, वाक्यं आखूड होतात, नंतर वाक्य राहतच नाही, नुसती नावं आणि 'वर्ली', 'वर्ली', 'वर्ली'. फेब्रुवारी १८९७ च्या पानावर मिंगेलची दोन पोरं होती. एक मुलगी वर्षाची. दुसरा मुलगा, वय तीन. नाव आजोबांचं.

मला वाटलं मी चुकीचं वाचतोय. तीन वर्षांचा असताना पुरलेल्या मुलाचं लग्न १९२५ मध्ये कसं होईल? कारकून काही बोलला नाही. त्यानं बाप्तिस्म्याची पुढची वही उघडली आणि पानं उलटत १८९९ वर आला. मिंगेल आणि त्याच बायकोचा मुलगा. नाव तेच. समास कोरा.

गेलेल्या पोराचं नाव पुढच्या पोराला द्यायची पद्धत सगळीकडं होती. आजोबा दुसरे होते. तरुणपणी बंदरावरच्या एका कंपनीत नोकरीला लागताना त्यांनी चर्चकडं दाखला मागितला असेल, कोणीतरी नाव आणि आईबाप बघून पहिली जुळणारी नोंद उतरवून दिली असेल, आणि लग्नाची टीपही मग त्याच दाखल्याच्या आधारानं मेलेल्या भावाच्या नोंदीशेजारी गेली. आजोबा जन्मभर भावाच्या वयानं जगले.

हे नुसतं कुतूहल म्हणून राहिलं असतं. पण मी हिशेब केला. कंपनीनं त्यांना १९४८ मध्ये, पंचावन्न पूर्ण झाली म्हणून, घरी बसवलं. खरं वय एकोणपन्नास. सहा वर्षांचा पगार गेला. त्याच वर्षी बापूस, वय चौदा, शाळेतून निघाला. आमच्या घरात सांगायचे की त्याला अभ्यासाची आवड नव्हती. बापूस २००१ मध्ये वारला. म्हातारपणी तो नातवंडांची पुस्तकं जमिनीवर पसरून, बोट फिरवत, चित्रांखालची अक्षरं मोठ्यानं वाचत बसायचा. मी त्या दिवशी चर्चमधून चालत घरी आलो. बस पकडली नाही.

आत्या तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. मी तिला सांगितलं, आत्या, आजोबांच्या आधी त्याच नावाचा एक होता. तिनं मान वर केली नाही.

"हा. पयला प्लेगात गेला."

"तुला माहीत होतं?"

"म्हायत म्हंजे? परत्या कशाला म्हनायचे? पयला गेला, तो परत आयला. माजी आजी बोलायची ताला, तू गेलतास रं, परत आयलास."

"आणि ते तुफान? तीन दिवस?"

"कसला तुफान? ता तुज्या बापसान तुमाला सांगलेला. पोरांना काय, मेलेल्याची गोष्ट सांगायची?"

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलाव कवा?"

दाखल्याचं आणि नोकरीचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं. तिनं सुपातले बोंबील सारखे केले, पुन्हा विस्कटले. म्हणाली, "सा वरसां." दुसरं काही बोलली नाही. त्या वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आजोबांच्या थडग्यावर तिनं दोन मेणबत्त्या लावल्या. एकीपासून दुसरी पेटवली नाही. दोन काड्या ओढल्या.

कागदांचं सांगायचं राहिलं. चर्चनं १८६२, १८८७, १८९९ आणि १९३४ च्या नोंदींच्या सहीशिक्क्याच्या नकला दिल्या. लॅटिनचा मराठी तर्जुमा जोडला. तीन आडनावं एकाच घराची, असं प्रतिज्ञापत्र केलं. चौकशीला एक गृहस्थ घरी आले. त्यांनी लग्नाच्या चालीरीती विचारल्या, तेव्हा आत्यानं त्यांना उंबराचं पाणी कसं आणतात ते सांगायला सुरुवात केली आणि तासभर सोडलं नाही. जाताना दारातल्या जाळ्यात त्यांचा पाय अडकला. आतेभावानं तो सोडवला. गृहस्थ म्हणाले, "हे लिहून घेतो."

इतक्यात प्रवेशाची मुदत निघून गेली होती. पुतणीनं खुल्या जागेवर, कर्ज काढून प्रवेश घेतला. पडताळणीचा दाखला आला तो पुढच्या वर्षी जुलैत. तिनं पाकीट फोडलं, वाचलं आणि माझ्याकडं दिलं. जात: ख्रिश्चन कोळी. खाली तिचं नाव, आणि आडनाव 'परेला'.

दुरुस्तीचा अर्ज तिनं दुसऱ्याच दिवशी दिला. सोबत रेशनकार्डाची नक्कल मागितली आहे.